शाळेतली बाग : वेठ की विद्या?

(साक्षरता वर्गातील पालकांपुढे एका निवृत्त मुख्याध्यापकाने केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी शाळेतल्या बागेविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटतो. दोन वाफे भेंडीचे, एक वाफा मेथीचा, कुपाटीवर भोपळ्याचा वेल. यात बोलण्यासारखं काय आहे, असं कोणी म्हणेल. पण याच दोन वाफ्यांवरून गावोगाव पालक आणि गुरुजी यांच्यात बोलाचाली होते. म्हणून बोललं पाहिजे.

पालक काय म्हणतात? ते म्हणतात, "गुरुजी, माती उकरायची तर लेकरानं ती घरीच उकरली असती. त्याला शाळेत घातलं ते हातातलं खुरपं सुटावं म्हणून. तुम्ही शाळेतही खुरपंच दिलं!"

हे बोलणं मला खोटं वाटत नाही. त्याच्या मागे आपला जुना अनुभव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात गरिबाला वेठीला धरीत. काम करायचं, मजुरी मागायची नाही, का म्हणून विचारायचं नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ते भोगलं आहे. म्हणून 'शाळेत काम' म्हटलं की मनात शंका येते. शंका रास्त आहे. आधी शंकेचं बोलू, मग बागेचं.

वेठ कोणती आणि विद्या कोणती, हे ओळखायचं कसं? मी चार खुणा सांगतो. त्या ध्यानात ठेवा.

पहिली खूण. लेकरू घरी आलं की विचारा, "आज बागेत काय केलं?" ते म्हणालं, "दगड उचलले," आणि पुढं काहीच सांगता आलं नाही, तर ती वेठ. पण ते म्हणालं, "दोन वाफे केले. एकावर पालापाचोळा पसरला, एक उघडा ठेवला. दोन्हींना पाणी सारखंच देतो. कोणता आधी सुकतो ते पाहायचं आहे," तर ती विद्या. कामाच्या मागे प्रश्न असला पाहिजे.

दुसरी खूण वहीची. जे पाहिलं ते लिहिलेलं आहे का? तारीख आहे का? माप आहे का? नुसतं पाहिलेलं उद्या विसरतं. लिहिलेलं राहतं. तुम्ही आता अक्षरं शिकला आहात. लेकराची बागेची वही हातात घ्या आणि स्वतः वाचा.

तिसरी खूण. काम सगळ्यांना सारखं आहे का? झाडलोट फक्त पोरींनी करायची, खड्डा अमक्याच वस्तीच्या पोरांनी खणायचा आणि मोठ्या घरच्या लेकरानं सावलीत उभं राहायचं, असं असेल तर ती बाग नव्हे. ती जुनी वेठच, फक्त शाळेच्या कुंपणात आलेली.

चौथी खूण. माळवं कुणाच्या ताटात जातं? लेकरांनी पिकवलेलं लेकरांनी खाल्लं पाहिजे.

या चारांपैकी एकही खूण चुकली तर शाळेत जा आणि गुरुजींना नम्रपणे विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि चारही खुणा पटल्या तर मग लेकराच्या हातातलं खुरपं पाहून वाईट वाटून घेऊ नका. त्या खुरप्यानं ते काय काय शिकतं ते आता ऐका.

बियाण्यापासून सुरुवात करू. मृग नक्षत्र जवळ आलं की घराघरात एकच चिंता असते. बी उगवेल का? २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकऱ्यांच्या तक्रारींचा ढीग पडला होता. दुबार पेरणी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. दुप्पट बी, दुप्पट मजुरी, आणि गेलेले दिवस परत येत नाहीत.

आता शाळेतलं लेकरू काय करतं ते पाहा. घरच्या बियाण्यातून न निवडता शंभर दाणे मोजून घेतं. बारदानाचा तुकडा भिजवतं. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडतं. वरून दुसरा ओला तुकडा टाकून हलक्या हातानं गुंडाळी करतं आणि ती सावलीत ठेवतं. रोज थोडं पाणी शिंपडतं. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजतं. शंभरापैकी ७२ उगवले तर उगवण ७२ टक्के. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर सोयाबीनचं बी पेरायला चांगलं समजतात. कमी उगवले तर बी वाढवून पेरावं लागतं, आणि फारच कमी उगवले तर बदलावं लागतं.

या एका प्रयोगात लेकरू किती गोष्टी शिकलं? मोजायला शिकलं. टक्केवारी शिकलं. बी मेलेलं नसतं, निजलेलं असतं, त्याला जागं व्हायला ओल, हवा आणि ऊब लागते, हे शिकलं. आणि बापाचे पैसे मातीत जाण्याआधी बापाला सावध करायला शिकलं. फळ्यावर टक्केवारी शिकवायला मास्तरांना किती दिवस लागतात ते आम्हाला ठाऊक आहे. बारदानावर ती लवकर कळते.

आता मातीकडे चला. आपली माती काळी, भारी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. का? काचेच्या बरणीत मूठभर माती घाला, पाणी भरा, हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच तळाशी बसते. त्यावर गाळ बसतो. सगळ्यांत बारीक चिकणमाती मात्र बराच वेळ पाण्यात तरंगत राहते. आपल्या मातीत ही चिकणमाती फार. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून भेगा. लेकराला हे बरणीत दिसतं. मग माळावरची मुरमाड माती दुसऱ्या बरणीत घालून दोन्ही शेजारी ठेवायच्या. पुस्तकातलं चित्र पाहण्याची गरज उरत नाही.

पालापाचोळ्याचा वाफा मघाशी सांगितला. उघडा वाफा लवकर सुकतो. पाला घातलेला वाफा ओल धरून ठेवतो, कारण ऊन आणि वारा मातीला थेट लागत नाहीत. वर तो पाला कुजून खत होतो आणि गांडुळं वर येतात. हे ज्या लेकरानं स्वतः तांब्यानं पाणी मोजून पाहिलं, ते पुढं वावरातलं काड पेटवताना एकदा तरी थांबेल. आपण धुऱ्यावर, वावरात किती पाचोळा जाळतो! पीक घ्यायचं आणि मातीला परत काहीच द्यायचं नाही, हा व्यवहार किती वर्षं चालेल? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मुगाचं रोप पाहा. पेरून महिना-सव्वा महिना झाला की एक रोप मुळांसकट हळूच उकरून काढायचं. ओढायचं नाही, उकरायचं. मुळं पाण्यात धुवायची. मुळांवर बारीक गाठी दिसतात. घरी कुणी म्हणतं, कीड लागली. ती कीड नव्हे. गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर समजावं की गाठ कामावर आहे. त्या गाठीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडाला ते हवेतून घेता येत नाही. हे जिवाणू ते धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. मूग, उडीद, तूर, हरभरा, सोयाबीन या सगळ्यांच्या मुळांवर असा कारखाना असतो. म्हणून जुनी माणसं ज्वारीच्या रानात मूग-तूर फिरवून घेत. त्यांना फळ ठाऊक होतं. लेकराला कारणही ठाऊक होतं. एवढाच काय तो फरक, पण तो मोठा आहे. कारण ठाऊक असलं की माणूस नव्या अडचणीतही वाट काढतो.

लाल भोपळ्याच्या वेलाला दोन प्रकारची फुलं येतात. एक नुसत्या देठावर. दुसऱ्याच्या खाली इवलासा भोपळा आधीच असतो. पहिलं नर, दुसरं मादी. फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशीनं पराग नेला तर भोपळा धरतो, नाही तर तो पिवळा पडून गळतो. पटत नाही? उद्या उमलणारी मादीची एक कळी आज संध्याकाळीच पातळ फडक्यात बांधून ठेवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. माशीला वाट मिळाली नाही तर तो भोपळा धरत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? लेकरू हे पाहतं आणि रात्री बापाला सांगतं, "बाबा, सकाळी फुलं उमललेली असताना फवारू नका. माश्या मरतात आणि फळ धरत नाही." बाप रागावतो. पण ऐकतो.

आता आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान पिवळं होतं. आपण त्याला हळद्या म्हणतो. हा रोग विषाणूचा. पांढरी माशी रोगी झाडाचा रस पिते आणि निरोगी झाडावर जाऊन बसते, तसा तो पसरतो. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचं नाव दिलं. या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' या भेंडीचा तिच्या एका रानटी भावकीशी संकर केला. पुढं पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत हळद्याला दाद न देणारं वाण काढलं. १९८५ साली ते बाहेर आलं. त्याचं नाव 'परभणी क्रांती'. देशभर लोक ते पेरू लागले. आपल्या गावाचं नाव असं दूरदूरच्या वाफ्यांत गेलं.

शाळेच्या बागेत हे वाण जरूर लावावं. त्याचं एक कारण अभिमान. दुसरं कारण असं की हे सरळ वाण आहे. दुकानातल्या संकरित बियाण्यासारखं ते दर वर्षी विकत आणावं लागत नाही. चांगली निरोगी झाडं निवडायची, त्यांच्या शेंगा तोडायच्या नाहीत, झाडावरच वाळू द्यायच्या आणि बी काढून राखेत ठेवायचं. पुढच्या वर्षीच्या लेकरांना ते बी द्यायचं. रोगही काळाप्रमाणे बदलत जातो, म्हणून शास्त्रज्ञांना नवी वाणं शोधत राहावी लागतात. आज बागेत पिवळं पान मोजणारं एखादं लेकरू उद्या त्या कामाला लागेल. लागणार नाही असं कुणी सांगावं?

पाण्याचा हिशेब ऐका. सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवायचा. पाऊस पडला की आत पट्टी बुडवून मिलिमीटर मोजायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल, तर ते झालं ६० चौरस मीटर. एका रात्रीत २५ मिलिमीटर पाऊस पडला तर छपरावर १,५०० लिटर पाणी पडलं. १५ लिटरची घागर धरली तर शंभर घागरी! पन्हळीला डबा नाही म्हणून त्या शंभर घागरी ओढ्याला गेल्या. पाचवी-सहावीचं लेकरू हे गणित करतं. आणि एकदा केलं की छपराकडे पुन्हा पहिल्यासारखं पाहत नाही.

आता कोणी विचारेल, ही नवी टूम कुणी काढली? मंडळी, ही टूम नवी नाही.

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं आणि हिशेब यांच्या बरोबरीनं शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असं त्यांनी त्यात मागितलं. ज्यानं शेतकऱ्याच्या लेकरासाठी शाळेचं दार उघडायला आयुष्य घातलं, त्यानंच शाळेत शेती मागितली. शेतकऱ्याचं पोर शेतातच राहावं म्हणून नव्हे. शेतात अज्ञान राहू नये म्हणून.

तिकडे जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकानं लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० साली तिला 'मुलांची बाग' या अर्थाचं नाव दिलं. तिथं प्रत्येक मुलाला स्वतःचा लहानसा वाफा असे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 'बालवाडी' हा शब्द रुळवला. वाडी म्हणजेच बाग! ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी भागात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथं सांगितलं की हातानं करण्याच्या उद्योगातूनच मुलांना सगळे विषय शिकवावेत. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा आराखडा केला. हीच नई तालीम. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी ती शाळा चालवली. तेव्हाही लोकांनी हीच शंका काढली होती, की मुलांना राबवून शाळेचा खर्च काढणार की काय? शंका तेव्हाही रास्त होती. म्हणूनच माझ्या चार खुणा सांभाळायच्या. सेवाग्रामला २००५ साली 'आनंद निकेतन' शाळा सुरू झाली. तिथली मुलं बागेत, स्वयंपाकात, सूतकताईत हात घालून शिकतात.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. ते मुंबईत मोठ्या कंपनीत शास्त्रज्ञ होते. ते सोडून खेड्यात आले. हातानं काम करताना बुद्धी तल्लख होते, असं त्यांचं म्हणणं. शाळेत नापास ठरलेली पोरंही तिथं शेती, बांधकाम, दुरुस्ती करता करता विज्ञान शिकली. २००३ साली डॉ. कलबाग वारले. आश्रमाचं काम चालू आहे.

आणि २०१९ साली केंद्र सरकारनंही शाळाशाळांतून पोषण-बाग करण्याविषयी सूचना काढल्या. शाळेत दुपारी जेवण शिजतं. त्यात बागेतला पालक, शेवग्याचा पाला, भोपळा पडावा, हा त्यातला हेतू. हेतू चांगला आहे. पण कागदावरच्या सूचनेनं मेथी उगवत नाही. मी नोकरीत असताना एका शाळेतली बाग पाहिली. गाव सांगत नाही. तपासणी जवळ आली की आठ दिवस आधी रोपं आणून लावीत. पाहुणे आले, फोटो निघाले, आणि पुढच्या आठवड्यात बाग वाळली. लेकरं काय शिकली? देखावा कसा करावा ते शिकली. पेरावं तसं उगवतं.

खरी अडचण पाण्याची आहे, हे मला कबूल. मार्च लागला की घरी प्यायला घागर नाही, तिथं वाफ्याला कुठून? त्याला उपाय असा. मोठी बाग करायचीच नाही. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असे चार-पाच वाफे पुष्कळ झाले. जेवणाआधी लेकरं हात धुतात, ताटं धुतात, ते पाणी चारीनं अळूला आणि केळीला न्यायचं. शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांच्या आळ्यात मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाण्यानं भरून झाकण ठेवायचं. मडकं पाझरतं आणि मुळं तेवढंच पाणी पितात. उन्हाळ्यात भाजीपाला बंद, फक्त ही झाडं जगवायची. पाणी नसेल तेव्हा काय लावू नये, हे शिकणं हाही धडाच आहे. आपल्या जिल्ह्यात तर तो पहिला धडा.

दुसरी अडचण पोट दुखवणारी आहे. दिवाळी झाली की आपल्याकडची किती तरी घरं ऊसतोडीला जातात. लेकरंही कोयत्यामागे जातात. वाफ्यावर नाव असतं आणि पाणी घालणारं लेकरू गावात नसतं. त्याची वही अर्धी राहते. मी तुम्हाला दोष देत नाही. पोटाची आग कुणाला चुकली आहे? पण घरी आजी-आजोबा असतील, जवळ हंगामी वसतिगृह असेल, तर लेकराला मागे ठेवता येईल का, हे जाण्याआधी एकदा शाळेत येऊन विचारा. विचारल्याशिवाय परस्पर नेऊ नका. मुगाच्या मुळाची गाठ ज्यानं फोडून पाहिली, त्याच्या हातात फडात मोळी द्यायची की वहीच ठेवायची, हा प्रश्न निदान एक रात्र तरी घरात बोलला जावा.

आता शेवटचं मागणं. पैसे मागत नाही. चार गोष्टी मागतो.

एक : घरातलं मूठभर गावरान बी द्या. दोडका, वाल, गवार, अंबाडी, जे असेल ते. आईला त्या बियांची माहिती असते. ती शाळेत येऊन लेकरांना सांगावी.

दोन : उकिरड्यातलं चांगलं कुजलेलं टोपलंभर खत द्या.

तीन : आपल्या शेळ्या आवरा. सुट्टीच्या दिवशी कुपाटी पाहायला पाळीपाळीनं एका घरानं यावं. फवारणीचं औषध मात्र लेकरांच्या हातात कधीही, कुणीही देऊ नये. शाळेतही नाही आणि वावरातही नाही.

चार : दर शनिवारी लेकराची बागेची वही वाचा. तुम्ही नव्यानं वाचायला शिकलात. तुमच्याच लेकराच्या हातची अक्षरं, तुमच्याच मातीविषयी. जिथं कळणार नाही तिथं त्यालाच विचारा. आणि जिथं त्यानं चुकीचं लिहिलं असेल, तिथं सांगा, "असं नव्हे. मी चाळीस वर्षं पेरतो आहे, मला ठाऊक आहे." मग दोघं मिळून वाफ्यावर जाऊन पाहा, खरं कुणाचं ते.

या मृगाला शाळेत नवे वाफे करायचे आहेत. येताना बी घेऊन या.